रचलेलं वाक्य चालणार नाही

समानार्थी शब्दांचा कोश करणाऱ्या त्या कार्यालयात एकच नियम कडक होता. प्रत्येक शब्दाखाली उदाहरण हवं, आणि ते कुणीतरी खरोखर बोललेलं हवं. रचलेलं वाक्य चालणार नाही. नियम प्रमुख संपादकांचा, म्हणजे साहेबांचा. कोशासाठी त्यांनी केलेलं काम तेवढंच, त्यामुळे त्यावर त्यांचा फार जीव.

कोशबाईंच्या वाट्याला खोटेपणाचा विभाग आला होता. थाप, बाता, बतावणी, लोणकढी, थोतांड, तोंडदेखलं, मानभावी, साळसूद. खऱ्याला आपल्या भाषेत चार-दोन शब्द पुरतात. खोट्याला कपाटं भरतात. उदाहरणांसाठी बाकीची मंडळी बाजारात, दवाखान्यात, बसथांब्यावर कान लावून उभी राहत. बाईंना खुर्चीवरून उठावंही लागलं नाही. साहेबांची केबिन समोरच होती, दार उघडं असे आणि साहेबांचा आवाज खणखणीत.

‘तोंडदेखलं’च्या खाली बाईंनी लिहिलं, ‘अहो, या ना एकदा घरी, कधी ते मी कळवतो.’ ‘लोणकढी’खाली, ‘तुमच्या हस्तलिखितानं मला रात्रभर झोपू दिलं नाही.’ ते हस्तलिखित सुतळीची गाठही न सोडता परत गेलं होतं. ‘मधाचं बोट’खाली मात्र आडून ऐकलेलं वाक्य नव्हतं. ते खुद्द बाईंनाच ऐकवलं जाई, रजा मागितली की हमखास: ‘मुखपृष्ठावर तुमचं नाव नसेल, तर माझंही नसेल.’ त्या भरवशावर बाईंनी घरी वहिनीला सांगून ठेवलं होतं, आणि वहिनीनं माहेरी.

साहेबांनी मुद्रितं चाळली आणि खूश झाले. “काय जिवंत उदाहरणं आहेत! कुठून शोधता हो असली माणसं?”

“असतात आसपास,” बाई म्हणाल्या.

मग मुखपृष्ठाचा नमुना आला. मुद्रितं तपासणारे काका तो पाठीमागे लपवूनच उभे राहिले. बाईंनी हिसकावून घेतला. वर साहेबांचं नाव, कोशाच्या नावापेक्षा ठसठशीत. खाली कुणीच नाही.

बाई दार न वाजवता केबिनमध्ये शिरल्या. “माझं नाव कुठाय?”

“बसा ना, बाई. चहा सांगू?”

“नाव.”

“अहो, तुमच्यासाठी मी विश्वस्तांशी भांडलो! घसा बसला माझा.”

“विश्वस्त पाय मोडून घरी पडलेत. महिनाभर फिरकले नाहीत इकडे.”

“फोनवर भांडलो,” साहेब डगमगले नाहीत. “आणि हे बघा, इमारतीचा पाया कधी दिसतो का? तुम्ही आमचा पाया आहात.”

“हो, आणि तुम्ही गच्चीवर पाय पसरून बसलाय.” बाईंनी छापून आलेला फर्मा टेबलावर आपटला. “वाचा. ‘मधाचं बोट’. मोठ्यानं.”

साहेबांना मोठ्यानं वाचायला आवडे. अर्ध्या वाक्यापर्यंत त्यांनी छान आवाज लावला. मग तो बसला, या वेळी खरोखरच. त्यांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं.

“हे... हे सगळं मी बोललोय?”

“रचलेलं चालत नाही ना इथे.”

“छपाई थांबवा!”

“झाली. फर्मे बांधणीला गेलेत. राहिलंय ते मुखपृष्ठ आणि प्रस्तावना.”

साहेबांनी उठून दार लावलं. आवाज लोण्यासारखा झाला. “बाई, तुमचं नाव टाकतो. माझ्या शेजारी, माझ्याएवढ्याच अक्षरांत. हे बघा, तुमच्यासमोर छापखान्याला फोन लावतो. फक्त प्रस्तावनेत एक ओळ जाईल: ‘या विभागातली उदाहरणं कल्पित असून बाईंनी रचलेली आहेत.’ बास.”

फोन खरंच लागला. इतक्या वर्षांत साहेब पहिल्यांदा दिलेला शब्द पाळायला निघाले होते, आणि त्यासाठी खोटं बोलायचं होतं ते बाईंनी.

दार किलकिलं करून काकांनी डोकं आत घातलं. अर्थात ते ऐकतच होते. “घ्या हो, बाई. उभं आयुष्य घातलंत यात. प्रस्तावना कोण वाचतं?”

“मी वाचते,” बाई इतक्या जोरात ओरडल्या की काकांनी डोकं परत नेलं. बाईंनी साहेबांच्या हातातून फोन ओढला.

“हॅलो. मुखपृष्ठ आहे तसंच छापा. साहेबांचं नाव, एकट्याचं. अक्षर आणखी मोठं होत असेल तर करा. नाही, प्रस्तावनेत काही घालायचं नाही.”

“बाई, अहो, कळतंय का तुम्हाला? गावातल्या निम्म्या लेखकांना मी हीच वाक्यं ऐकवलीत! सगळे ओळखतील!”

“ओळखू देत की. पुस्तक तुमचं आहे.”

फोन टेबलावर टाकून बाई बाहेर पडल्या. आता मोकळं वाटेल अशी त्यांची समजूत होती. जिन्याच्या वळणापर्यंत त्यांनी वाट पाहिली. वाटलं नाही. गेलं होतं ते नाव त्यांचंच होतं, आणि संध्याकाळी वहिनी दारातच विचारणार होती. जिन्याच्या वळणावर आग विझवायची वाळूची बादली होती. बाईंनी तिला सणसणीत लाथ घातली. बादली जागची हलली नाही. अंगठा ठणकायला लागला, तरी त्यांनी दुसरी घातली.