ताईच्या बाजूचा बांध

पोल्ट्रीच्या मागे घाणीचं तळं होतं. कोंबड्यांची विष्ठा, शेड धुतलेलं पाणी, पिसं, फुटकी अंडी, सगळं चरातून तिथे येऊन पडायचं. धंदा थोरल्या भावाचा. तळं सांभाळायचं धाकट्याने. अंगाला वास असा चिकटलेला की साबण झिजायचा, वास तसाच राहायचा. वहिनी त्याचं जेवण मागच्या पायरीवर ठेवून दार लोटून घ्यायची. उताराखाली बहिणीची रोपवाटिका होती. नवरा गेल्यापासून ताई एकटीनेच ती चालवत होती. ती मात्र त्याला घरात घ्यायची. "बस रे," म्हणायची, "वासाने कोणी मरत नाही."

तळ्यात एक खांब रोवला होता आणि त्यावर लाल पट्टा रंगवला होता. पाणी पट्ट्याच्या वर गेलं की पावसात बांधाचा भरवसा नाही. म्हणून पावसाळ्याआधी टँकरने उपसा करून ते पाणी आसपासच्या शेतांना खत म्हणून द्यायचं. धाकटा हे काम डोळ्यांत तेल घालून करायचा. पण त्या वर्षी थोरल्याने टँकरच दुसरीकडे पाठवला.

"दादा, पाणी पट्ट्याला लागलंय."

"मग पट्टा जरा वर रंगव," थोरला म्हणाला आणि फोनवर बोलायला लागला.

पुढे पाऊस लागला तो उघडायचं नाव घेईना. एका सकाळी तळं काठोकाठ भरलं आणि शेडच्या बाजूचा बांध पाझरायला लागला. थोरला छत्री घेऊन आला, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"खालच्या बाजूने फोड."

"खाली ताईची विहीर आहे."

"आणि इकडे कोंबड्या आहेत. शेड बुडाल्या तर तू खाणार काय?"

"तिला सांगून तरी येतो. पळत जातो."

"तोवर बांध थांबणार आहे का?" थोरल्याने फावडं त्याच्या हातात दिलं.

माती कुठे भुसभुशीत आहे ते धाकट्याला ठाऊक होतं. तिथेच त्याने घाव घातले. काळं पाणी आधी बोटभर वाहिलं, मग हातभर, मग बांधाचा मोठा लचका तोडून उतारावरून धावत सुटलं.

शेडच्या बाजूची गळती बुजवून तो खाली पोचला तेव्हा रोपांचे वाफे फेसाखाली गेले होते आणि विहिरीत पिसं तरंगत होती. ताई गुडघाभर घाणीत उभी होती. थोरला आधीच येऊन बोलत होता.

"रोज सांगत होतो याला, तळं उपसून घे, उपसून घे. ऐकेल तर शपथ."

ताईने धाकट्याकडे बघितलं. "खरं का रे?"

थोरला छत्रीतलं पाणी झटकत होता. धाकट्याला आपली मागची खोली आठवली. दुसरीकडे कुठे डोकं टेकायला जागा नव्हती.

"हो," तो म्हणाला.

"वर जाऊन बघून आले मी. बांध फुटलेला नाही, फावड्याने फोडलाय. तूच ना?"

"हो."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. "निदान हाक मारायचीस," ती म्हणाली. "प्यायला एखादी घागर तरी भरून ठेवली असती."

रोपं जळून गेली. विहीर परत परत उपसली तरी पाण्याचा वास जाईना. ताईने वर्षभर दुरून पाणी वाहिलं, मग लेकीकडे राहायला गेली. जाताना ती धाकट्याशी एक शब्द बोलली नाही. जमीन थोरल्यानेच घेतली. ती पाणी नासलेली जागा दुसरं कोण घेणार होतं?

ऊन तापलं तसं खोदाईचं यंत्र आलं. ताईची विहीर दगडमातीने बुजवली आणि वाफ्यांच्या जागी मोठा खड्डा घेतला.

"इथे काय करतोयस, दादा?" धाकट्याने विचारलं.

"नव्या शेड येतायत. एका तळ्यावर भागणार नाही. ही जागा मी टँकर दुसरीकडे पाठवला त्याच्या आधीच बघून ठेवली होती." त्याने हे सहज सांगितलं, दात कोरता कोरता.

धाकटा खड्ड्यात उतरून प्लास्टिकचं जाड अस्तर अंथरायला लागला. उन्हाने ते इतकं तापलं होतं की गुडघे भाजत होते.

"सांधे नीट बघ," थोरला वरून म्हणाला. "गळती व्हायला नको."

"नाही होणार," धाकटा म्हणाला, आणि पुढचा सांधा तापवायला घेतला.