चौथं आमेन

खोलीत चार खुर्च्या होत्या, चार माणसं, एक दिवा, मांडीवर एक जाड पवित्र शास्त्र, भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ आणि त्याखाली चौकटीत निळ्या दोऱ्यानं भरलेली ओळ: ‘या घराचा पाया प्रभू’. जोडलेले हात आठ. प्रार्थना संपली तेव्हा आमेन मात्र तीन आले.

त्यानं मनाशी पुन्हा मोजलं. एक आपलं. एक थोरल्या मुलीचं. एक धाकटीचं, ते सगळ्यांत खणखणीत, कारण आमेननंतर लगेच जेवण असायचं. बायकोचं नव्हतं.

मोजण्यात त्याची चूक होणं कठीण होतं. कानांची तपासणी करणं हाच त्याचा धंदा. काचेपलीकडच्या बंद खोलीत पेशंट हेडफोन लावून बसायचा, हा अलीकडून बारीक सूर सोडायचा, ऐकू आलं की पेशंटनं बटण दाबायचं. नाही दाबलं, तर पाच डेसिबलनं आवाज वाढवायचा. पुन्हा नाही, आणखी पाच.

दुसऱ्या संध्याकाळीही आमेन तीनच आले. तिसऱ्या संध्याकाळीही.

लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं आळीपाळीनं प्रार्थना करत. एक दिवस तो, एक दिवस ती. तिची प्रार्थना चार वाक्यांत आटपायची. ‘अगं, देवाला काय तार करतेस का?’ असं तो एकदा हसत म्हणाला होता, आणि हळूहळू सगळ्याच पाळ्या त्याच्याकडे आल्या. त्याची प्रार्थना ऐसपैस असे. तीत आजारी माणसं असत, चर्चची मंडळी असे, दूरचे नातेवाईक असत आणि शेवटी घर असे. हल्ली घर वाढत चाललं होतं.

“प्रभू, या घरातल्या गृहिणीला धीर दे,” असं तो सोमवारी म्हणाला. मंगळवारी म्हणाला, “तिच्या जिभेला लगाम दे.” बुधवारी भाजी करपली होती. “प्रभू, हातातल्या कामाकडे लक्ष देण्याची बुद्धी आम्हा सर्वांना दे,” तो म्हणाला, आणि ‘आम्हा सर्वांना’ म्हटल्याबद्दल आपण किती समजूतदार आहोत, असंही त्याला वाटून गेलं.

तीन आमेन.

अशात चर्चच्या पाळकसाहेबांचा निरोप आला. शनिवारी लग्न ठरलेल्या पाच जोडप्यांचा वर्ग होता. ‘तुम्ही दोघं या आणि कौटुंबिक प्रार्थनेवर बोला. तुमच्या घरी बारा वर्षं एक संध्याकाळ चुकलेली नाही, हे त्या पोरांना कळू दे.’

त्याची छाती फुगली. तिनं मात्र ओट्यावरून मान वर केली नाही.

“तुम्ही जा.”

“अगं, दोघांना बोलावलंय.”

“मला तिथं उभं करू नका. मला खोटं बोलता येत नाही.”

“खोटं? आपण रोज प्रार्थना करत नाही का?”

“तुम्ही करता,” ती म्हणाली आणि नळ सोडला.

त्या संध्याकाळी त्यानं कठीण झालेल्या अंतःकरणांसाठी प्रार्थना केली. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

गुरुवारी तपासणीचं यंत्र दुरुस्तीला गेलं आणि तो दुपारीच घरी आला. बायको बाजारात गेली होती. मुलींच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून थोरलीचा आवाज आला. भारदस्त, ओढलेला. क्षणभर आत कोणी पुरुष आहे असंच त्याला वाटलं.

“हे प्रभू, माझी बहीण किती वेंधळी आहे, हे तुला ठाऊकच आहे. ती चपला उलट्या घालते. तिला सुबुद्धी दे. आमेन. म्हण.”

“नाही म्हणणार.”

“म्हणावं लागतं.”

“तू देवाला माझी चहाडी सांगतेस!”

“चहाडी नाही, प्रार्थना आहे. प्रार्थनेत उलट बोलायचं नसतं. आई बोलते का?”

“आई आमेन म्हणत नाही,” धाकटी म्हणाली. “ती ओठ असे घट्ट धरते. मी एक डोळा उघडून बघते.”

तो दाराबाहेर पिशवी हातात धरून उभा राहिला. आवाज त्याचा होता, ओढ त्याची होती. ‘तुला ठाऊकच आहे’ म्हणण्यापूर्वीचा तो छोटासा उसासासुद्धा त्याचाच. नऊ वर्षांच्या मुलीनं काही म्हणून सोडलं नव्हतं. आपण आवाज वाढवत होतो, बायकोला ऐकूच येत नाही असं समजून. तिला पहिल्यापासून सगळं ऐकू येत होतं.

बायको आली तेव्हा तो स्वयंपाकघरात उभाच होता.

“मी प्रार्थनेत तुला टोमणे मारतो,” तो म्हणाला. वाक्य पाठ केलं होतं, तरी अडखळलं.

तिनं पिशवी खाली ठेवली. “आज कळलं?”

“मुली खेळत होत्या.”

“हं.” ती बटाटे टोपलीत टाकू लागली. मग म्हणाली, “तोंडावर बोलला असतात तर मी भांडले असते. दोन द्यायचे, दोन घ्यायचे, मोकळं व्हायचं. तुम्ही देवाच्या आडून बोलता. डोळे मिटलेले, हात जोडलेले. मी उत्तर कुणाला देऊ? मला प्रार्थनेची भीती वाटायला लागली आहे. मला! माझ्या हातची आहे ती ओळ भिंतीवर.”

त्यानं फोन उचलला आणि तिच्यासमोरच पाळकसाहेबांना लावला.

“शनिवारी आम्हाला जमणार नाही.”

“का हो? ताईंची तब्येत बरी नाही का?”

एक ‘हो’ म्हटलं असतं तर तिथल्या तिथे निभावलं असतं. तो ‘हो’ जिभेवर आलाही. बायको त्याच्याकडे बघत होती.

“ती ठणठणीत आहे. माझंच चुकतंय. मी घरात प्रार्थना चाबकासारखी वापरतो. मला त्या मुलांपुढे उभं राहायची लाज वाटते.”

मग पाळकसाहेब हळूच म्हणाले, “बरं. रविवारी उपासनेनंतर या माझ्याकडे. दोघं आलात तर उत्तम. नाहीतर एकटे या.”

साडेसातला चौघं खुर्च्यांवर बसले. त्यानं शास्त्र उघडलं नाही. डोळेही मिटले नाहीत.

“मी तुमच्या आईचा अपमान केला,” तो मुलींना म्हणाला. “रोज. इथंच बसून. आणि त्याला प्रार्थना म्हणत होतो. ती प्रार्थना नव्हती.”

थोरली एकदम लाल झाली आणि पायांच्या बोटांकडे पाहू लागली. धाकटीनं विचारलं, “मग आज जेवण नाही?”

“जेवण आहे,” आई म्हणाली. तिनं त्याच्या मांडीवरचं शास्त्र उचलून आपल्या मांडीवर घेतलं. “आज माझी पाळी.”

सगळ्यांनी डोळे मिटले. बारा वर्षांत तिचा आवाज बदलला नव्हता, घाईचा, सरळ.

“प्रभू, जेवणाबद्दल आभार. मुलींबद्दल आभार. यांनी आज खरं सांगितलं, त्याबद्दलही. मला आज यांना माफ करता येत नाही, पण हे घर तुझ्यावर उभं आहे, तेव्हा उद्या करता येईल असं कर. आमेन.”

धाकटीचं आमेन खणखणीत आलं. थोरलीचं त्याच्या पाठोपाठ. त्यानं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. त्याच्याविषयी इतकं खरं, इतक्या साधेपणानं, कोणी देवाला सांगितलं नव्हतं. आणि त्याला आमेन, म्हणजे ‘तसंच होवो’, म्हणायचं होतं. भिंतीवर सेकंदकाटा ऐकू येत होता.

आमेन चार आले. चौथं त्याचं, अकरा सेकंद उशिरा.