नाकावरचा पोचा

डोळ्यांआधी हाताला कळलं. गाडीच्या नाकावरून शकूरभाईंचा तळवा डावीकडे सरकला आणि सरकतच गेला. कुठे अडला नाही.

"पोचा कुठं गेला?"

"काढला ना, चाचा!" सुचिता हसली. "पुण्याच्या माणसाने. दिसतोय का कुठे?"

"नाही दिसत. काम चांगलं केलं त्यानं."

खोटं बोलणं त्यांना, निदान पत्र्याच्या बाबतीत, जमत नसे. नांदुऱ्यात पन्नास वर्षं डेंटिंग केलेला माणूस. अख्ख्या तालुक्याच्या जीपा त्यांनी सरळ केल्या. हा एक पोचा तेवढा काढला नव्हता.

सुचिताचे वडील माणिकराव यांनी ही दोन सीटांची शर्यतीची गाडी आपल्या जिनिंगच्या आवारातच बांधून घेतली होती, शकूरभाई आणि त्यांचा थोरला भाऊ वकार यांच्याकडून. मद्रासला तिसऱ्या शर्यतीत माणिकराव चालवत असताना ब्रेक गेले. वळणावर वकार उभा होता. त्याला तिथेच दफन केलं. गाडी मालगाडीने परत आली, नाकावर माणसाच्या कमरेएवढा खड्डा घेऊन.

माणिकराव पुन्हा तिच्यात बसले नाहीत. शकूरभाईंनी ती सांभाळली. चाकं जमिनीला टेकू नयेत म्हणून लाकडी ठोकळे, उंदरांसाठी कडुलिंबाचा पाला, महिन्यातून एकदा हाताने इंजिन फिरवणं. आठ वर्षांच्या सुचिताने एकदा विचारलं, "चाचा, हा पोचा काऊन नाही काढत?" त्यांनी सगळं सांगितलं, तेव्हा ती रडली होती, जेवलीही नव्हती. मागच्या वर्षी गाडी पुण्याला नेताना तीच आपणहून म्हणाली, "त्याला कोणाला हात लावू देणार नाही. शप्पथ."

आता शेगावच्या मैदानात स्पर्धेसाठी जुन्या गाड्यांची रांग होती आणि त्या लालभडक नाकासमोर पाटी. शकूरभाईंची बायको ताहेरा ती मोठ्याने वाचत होती, "शर्यती : तीन. अपघात : एकही नाही."

ती थांबली. "मंग आमचे जेठ काय तापानं गेले?"

"हळू, चाची." सुचिताने इकडेतिकडे पाहिलं. "बाबांच्या हातून माणूस गेला, हे पाटीवर कसं लिहू? माझी मुलं वाचतील. आणि चाचा, इथे तुमची सही लागेल. गाडी तुम्ही सांभाळलीत, हे लोक तुमचाच शब्द मानतात."

कागदावर तेच वाक्य होतं. शकूरभाईंनी ते दोनदा वाचलं, पेनाला टोपण लावलं आणि पेन तिच्या हातात दिलं.

"हे खोटं हाय, बाईसाहेब."

जन्मापासून ते तिला सुची म्हणत आले होते.

"असं काय बोलता, चाचा?" तिचे डोळे भरलेही असतील. पण तेवढ्यात परीक्षक आले, आणि ती हसत त्यांच्याकडे वळली.

दोघं चालत स्टेशनावर आली. ताहेराने खिडकीत पैसे सरकवले. "नांदुऱ्याच्या दोन द्या जी."

"थांब." शकूरभाई वाकले. "साहेब, मद्रासले कोनती गाडी जाते?"

"चेन्नई म्हणा, बाबा. कधीचं पाहिजे?"

ताहेरा त्यांच्याकडे पाहत राहिली. "कबर सापडन का आता?"

"नाही सापडनार," ते म्हणाले, आणि खिडकीकडे वळले. "जे पहिलं असन ते द्या."