घंटा होईपर्यंत फाटक बंद

सदुसष्ट साल. कुवेतला विद्यापीठ नवंनवंच निघालेलं आणि मुलींच्या कॉलेजच्या फाटकावर मी हारिस. हारिस म्हणजे रखवालदार. टोपी दिली, खाकी शर्ट दिला, काठी दिली. काठी उगारायची नाही, हे पण लगेच सांगितलं. कुणाला पकडायचं नाही, कुणाला हात लावायचा नाही. मग आमचा अधिकार काय? एवढाच, की घंटा होईपर्यंत मुदीराबाईंच्या, म्हणजे प्रिन्सिपलबाईंच्या हुकमाशिवाय पुरुष आत जाणार नाही आणि मुलगी बाहेर येणार नाही.

नोकरी लावली उस्मानमामूंनी. ते हेड हारिस. आम्ही दापोलीकडचे, सगळे एकाच गावचे, मिरकाब मोहल्ल्यात एका खोलीत राहायचो. एकाने घाण केली तर सगळ्यांची रोटी जाईल, हे मामू जेवताना पण ऐकवायचे.

त्या दिवशी वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर. मुली आत गेल्या आणि थोड्या वेळाने झुलेखाखाला फाटकावर आली. खाला आतली आया, आमच्याच बाजूची. म्हणाली, एका पोरीने निरोप दिलाय. तिचा भाऊ येणार, तिला बोलवणार. पेपर होईपर्यंत बोलवू नका. घरात लग्नाची घाई चाललीय. पेपर बुडाला तर साल गेलं, आणि साल गेलं की भाऊ म्हणणार, आता बस घरी.

पोरीचं नाव मला माहीत आहे. इथं लिहीत नाही. फाटकावर पण आम्ही मुलींची नावं घेत नव्हतो. ड्रायव्हर सांगायचा, अमक्याच्या घरची, की खाला आत जाऊन हळूच कानात सांगायची. आमच्या गावात तरी वेगळं काय होतं? आईचं नाव बाबांच्या तोंडून चारचौघांत मी कधी ऐकलं नाही. "घरात सांग" म्हणायचे, संपलं.

पेपर सुरू झाला आणि जीप आली. भाऊ पोलीस अधिकारी निघाला. कडक युनिफॉर्म, कमरेला पिस्तूल.

म्हणाला, माझ्या बहिणीला बाहेर पाठव. मी मोडक्या अरबीत सांगितलं, पेपर चालू आहे, हॉल बंद आहे, मुदीराबाई पण हॉलमध्येच आहेत. बाकावर बसा, घंटा झाली की येईल. बाकावर ड्रायव्हर बसलेले, मुलीला न्यायला आलेला एक म्हातारा बदू, म्हणजे वाळवंटातला अरब, पण होता. अधिकारी म्हणाला, मी बसायला आलो नाही, उघड, मीच जातो. फाटकातला लहान दरवाजा तेवढा उघडा होता. मी त्यात उभा राहिलो.

तो हसला. काठीकडे बघून विचारलं, ही कुणाला मारायला दिलीय, मांजरांना? मग हसणं बंद. एक फोन केला तर उद्या तू मुंबईच्या बोटीत असशील, म्हणाला. आणि ते खोटं नव्हतं.

आवाज ऐकून मामू धावत आले. त्यांनी पिस्तूल बघितलं, मला बघितलं.

"रफीक, खोल रे. तुझ्यापाठी आख्खा गाव हाय इथं."

"मामू, खोलला तर मग आपन इथं कशाला उभं रावतो?"

मी अधिकाऱ्याकडे वळलो. दरवाजातून हललो नाही.

"साहेब, तुम्ही पोलीस म्हणून आलात की भाऊ म्हणून?"

"दोन्ही."

"दोन्ही नाही चालत. पोलीस म्हणून आलात तर तिचं नाव सांगा, तिचा गुन्हा सांगा. मी इथूनच मोठ्याने खालाला सांगतो, ती मुदीराबाईंना सांगेल. त्यांनी हो म्हटलं की मी बाजूला. भाऊ म्हणून आलात तर बाकावर जागा आहे."

त्याने बाकाकडे बघितलं. ड्रायव्हर लोकांचं बोलणं थांबलेलं. बहिणीचं नाव, त्याला चिकटून गुन्हा, आणि ते सगळं ह्या लोकांच्या कानावर. तो नाव घेणार नाही हे मला माहीत होतं. माझ्या बाबांनी पण घेतलं नसतं. असं कुणाला कोंडीत धरणं मला आवडलं नाही, पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

म्हातारा बदू सरकला. "बस बेटा," म्हणाला, "मी पण बसलोय ना."

तो बसला. कडक युनिफॉर्म, दोन ड्रायव्हरांच्या मध्ये.

मामूंनी टोपी सरळ केली आणि माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. दरवाजा दोघांना अरुंद होता. खांद्याला खांदा घासत होता, तरी एकजण पण हलला नाही.

घंटा झाली. ती आली, बोटांना शाई. भावाला बघून थांबली. त्याने खालच्या आवाजात काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "पेपर झाला." तेवढंच. मग जीपमध्ये जाऊन बसली.

त्याने जाताजाता विचारलं, ह्याचा साहेब कोण. माझ्याआधी मामूच बोलले, "मी. मीच उभा केलाय त्याला."

फोन आलाच. दुपारी मुदीराबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. मामू खोलीतल्या सगळ्यांची तोंडं डोळ्यासमोर आणून बाहेर बसलेले.

"तू त्याला हात लावलास?"

"नाही."

"तो आत आला?"

"नाही."

"मग इथं काय करतोस? फाटक कुणाच्या भरवशावर सोडून आलास?"