कच्च्या रंगाचं बीट

डागदादांच्या घरात बीटाला मज्जाव होता. विम्याच्या एजंटला नव्हता, शेजारच्या मांजराला नव्हता, एकदा तर चुकून आत शिरलेलं कबुतर चांगलं दोन दिवस पाहुणचार झोडून गेलं. बीट मात्र उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं.

डागदादा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या धुलाईच्या दुकानाचे मालक. शाई, गंज, वंगण, लिपस्टिक, कुठलाही डाग पुढ्यात टाकला की आधी ते त्याचा वास घेत, मग कापड उलटं करून पाठीमागून बघत, आणि मग डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणत, "वाचेल. पण वेळ लागेल."

बीटाशी वैर लग्नाच्या पहिल्या वर्षाचं. तेव्हा दुकान आणि घर मिळून एकच खोली होती. एका बँडचे पांढरेशुभ्र कोट इस्त्री होऊन पलंगावर पडले होते आणि नव्या नवरीने शेजारीच बसून बीट किसलं. एका कोटाची बाही गुलाबी झाली. डाग काढायला वेळ मिळाला नाही. ढोलवाला तो कोट तसाच चढवून गेला. लोकांना तो इतका आवडला, की दुसऱ्या दिवशी बँडमास्तर उरलेल्या कोटांच्या बाह्याही गुलाबी करून मिळतील का, असं विचारायला आला. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. डागदादांना वाटलं, आपल्या सात पिढ्यांचं नाक कापलं गेलं. त्या दिवसापासून बीट बंद. त्यांची लेक बरीच मोठी होईपर्यंत समजत होती की बीट बाळगणं हा गुन्हा आहे. मैत्रिणीच्या डब्यात ते दिसल्यावर तिने इमानेइतबारे बाईंकडे तक्रार केली होती.

आणि आता तेच डागदादा भाजीवालीपुढे उभे राहून खालच्या आवाजात म्हणत होते, "ते... लाल... आहे का?"

"टोमॅटो?"

"टोमॅटो नाही."

भाजीवालीने त्यांच्याकडे बघितलं, बीटाच्या जुडीकडे बघितलं आणि हातातला तराजू खाली ठेवला. "दादा, वहिनी बऱ्या आहेत ना?"

प्रश्न चोख होता. वहिनी बऱ्या नव्हत्या. दीड महिना तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. ताप गेला, पण जाताना भूक सोबत घेऊन गेला. डागदादांनी पेज केली, सूप केलं, दूधभात कालवला. बायको दोन चमचे घ्यायची आणि तोंड फिरवायची. "मातीसारखं लागतंय हो." डॉक्टरीणबाईंनी काल निक्षून सांगितलं होतं: सोमवारपर्यंत पोटात धड काही गेलं नाही, तर दवाखान्यात दाखल करून नळीने भरवावं लागेल. डागदादा रात्रभर छताकडे बघत पडले. सकाळी तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "बीट खावंसं वाटतंय."

"बीट?"

"सगळंच मातीसारखं लागतंय. तर निदान ज्याची चवच मातीची असते, ते तरी खाऊन बघते."

डागदादा उठले. ते पिशवी घेऊन निघाले.

घरी आल्यावर त्यांनी जय्यत तयारी केली. ओट्यावर प्लॅस्टिक अंथरलं. भिंतीला जुनी चादर टाचली. अंगात रेनकोट चढवला. निम्मी बीटं त्यांनी पिशवीला गाठ मारून बाल्कनीत ठेवली, साक्षीदार वेगळे ठेवतात तशी.

"अहो, आधी मला विचारा तरी," आतून बारीक आवाज आला.

"रंग सोडणाऱ्या वस्तूंचं तू मला शिकवू नकोस," डागदादा म्हणाले. "पडून राहा."

त्यांनी बीट सोललं, पातळ चकत्या केल्या आणि त्या थंड पाण्यात टाकल्या. पाणी लालभडक झालं. डागदादांनी पांढरं फडकं ओलं करून एका चकतीवर दाबलं, उजेडात धरलं आणि मान हलवली. "रंग कच्चा आहे," ते स्वतःशीच म्हणाले. कच्च्या रंगाच्या नव्या कपड्याचं काय करायचं, हे लहान पोरसुद्धा सांगेल. पाणी नितळ होईपर्यंत खंगाळायचं. डागदादांनी खंगाळलं. पाणी बदललं, परत खंगाळलं. बीट काही हार मानेना. तेव्हा त्यांनी त्याला उकळत्या पाण्यात घातलं, ते पाणी ओतून दिलं, पुन्हा घातलं. अशी पुष्कळ पाणी झाल्यावर बीट शरण आलं. पाणी आरशासारखं स्वच्छ. फडक्यावर खूण नाही. चकत्या ओल्या खडूच्या रंगाच्या. डागदादांनी कपाळावरचा घाम पुसला. असं स्वच्छ बीट जगात कुणी पाहिलं नसेल, अशी त्यांची खात्री होती. ती बरोबरच होती.

बशी घेऊन ते आत गेले.

"मी मुळा नव्हता मागितला," ती म्हणाली.

"बीट आहे."

तिने चकती उचलून खिडकीकडे धरली. पलीकडचा खांब दिसला. "याला काय झालं?"

"धुतलं."

"किती?"

"पाणी नितळ होईपर्यंत."

ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता ठसका लागला, डागदादांनी पाठ चोळली, आणि हाताला तिच्या पाठीचे मणके एकेक करून लागले. हसू ओसरल्यावर तिने चकतीचा तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळायचा प्रयत्न केला आणि हळूच रुमालात काढून ठेवला. "कशाचीच चव नाही हो. मातीचीसुद्धा. राहू द्या, मला तशी भूक नव्हतीच."

तिने भिंतीकडे तोंड केलं. डागदादा रेनकोटमध्ये तसेच उभे राहिले. आयुष्यात त्यांनी फाजील धुऊन एकच गोष्ट वाया घालवली होती, आणि ती नेमकी हीच. सोमवार, नळी, दवाखान्यातल्या त्या मळकट चादरी. पुढचं वाक्य ते लग्न झाल्यापासून कधी बोललेच नव्हते.

"मला येत नाही. तू सांग."

भिंतीकडची पाठ जराशी हलली. "बाल्कनीत ठेवलीत ना उरलेली? मला खुर्ची द्या दारात."

स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची मांडली गेली. पांढरी चादर गुंडाळून ती त्यात बसली, आणि तिच्या आवाजात हळूहळू जुनी धार चढायला लागली.

"सुरी ठेवा खाली. सोलायचं नाही, कापायचं नाही. शेपटी राहू दे. वरचे देठ बोटभर ठेवून बाकीचे मोडा. माती तेवढी धुवा. माती म्हटलं मी, रंग नाही!"

"म्हणजे शिवण उसवायची नाही," डागदादा पुटपुटले.

"हां. उसवली की सगळं बाहेर."

"एवढंच होतं तर आधी सांगायचंस."

"सांगत होते. कुणीतरी पडून राहायला सांगितलं."

डागदादांनी अख्खी बीटं पातेल्यात ठेवली आणि थोडं घुटमळून विचारलं, "थोडं व्हिनेगर घालू? आम्ही रंग बसवायला घालतो."

"घाला की. बीटालाही चालतं."

डागदादांची छाती रेनकोटच्या आत जराशी फुगली. बीट मंद शिजत राहिलं. घरभर ओल्या मातीचा, गोडसर वास पसरला. तिने डोळे मिटून तो आत घेतला आणि सहज, हवापाण्यावर बोलावं तसं म्हणाली, "खालच्या शिंपीणबाई पण असंच करायच्या."

"शिंपीणबाईंचा काय संबंध?"

"तुम्ही बुधवारी कपडे पोचवायला जायचात ना, तेव्हा मी त्यांच्याकडे जाऊन बीट खायची. वर्षानुवर्षं. आता जिना उतरवत नाही, म्हणून सांगतेय."

पातेल्याचं झाकण खडखडलं. डागदादांनी ते सरळ केलं.

"आणि पदरावर सांडलं की मी तुम्हाला सांगायची, डाळिंब आहे."

"डाळिंबाचा डाग वाळला की काळपट पडतो," डागदादा पातेल्याकडे बघत म्हणाले. "तुझे सगळे शेवटपर्यंत गुलाबी असायचे."

खुर्ची करकरली. "म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"दर गुरुवारी."

"मग बोलला नाहीत कधी?"

"डाग निघत होता," डागदादा म्हणाले. "मग बोलायचं काय?"

ती एकदम म्हणाली, "सुरी खुपसून बघा, शिजलं असेल." आणि पदराने नाक पुसलं.

सुरी लोण्यात जावी तशी आत गेली. गार पाण्याखाली धरून अंगठ्याने नुसतं ढकललं, तर साल मोज्यासारखी उतरून आली. आतून जे निघालं ते बघून डागदादा चपापले. इतका गडद रंग त्यांनी कपड्यावर कधी पाहिला नव्हता. मनगटापर्यंत हात लाल झाले, रेनकोटच्या बाह्याही. ते हात अंगापासून लांब धरून ते उभे राहिले.

"आता रेनकोट काढा," ती म्हणाली. "ढोलवाल्यासारखे दिसताय."

मीठ, मिरपूड, वर लिंबू. डागदादांनी फोड चमच्यावर घेऊन तिच्या तोंडाशी नेली आणि स्वतःचंही तोंड उघडलं, तान्ह्या बाळाला भरवताना उघडतात तसं. तिने चावलं. थांबली.

"मातीसारखं लागतंय," ती म्हणाली.

डागदादांचा चमचा खाली आला.

"अहो, बीट असंच लागायला हवं! द्या इकडे."

तिने बशी ओढून घेतली. पहिली फोड संपली, दुसरी संपली. तिसरीच्या वेळी फोड चमच्यावरून निसटून थेट पांढऱ्या चादरीवर पडली, नेमकी मधोमध. डाग हळूहळू कडेने पसरायला लागला. ती चमचा हातात धरून थबकली. तिने नवऱ्याकडे बघितलं.

डागदादा पुढे वाकले. डागाचा वास घेतला. चादरीचं टोक उचलून पाठीमागून बघितलं. मग चादर होती तशी तिच्या मांडीवर नीट पसरली आणि बशी तिच्या हाताजवळ सरकवली.

"खा गं," ते म्हणाले. "आजूबाजूला भरपूर जागा आहे."