सहावं काडतूस

टेसा पहाटेच निघून गेली होती. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये मूस या थोरल्या हरणाच्या शिकारीचा परवाना तिच्या नावावर पहिल्यांदाच निघाला होता आणि बापाची रायफल तिने हक्काने उचलली होती. बंदुकीचा परवाना तिच्याकडेही होता, त्यामुळे त्यात काही वावगं नव्हतं. वावगं ते तिच्या बापाला, सायलस रिडआउटला, नऊच्या सुमारास कळलं, चहाचा मग बाजूला सारून तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी रायफलीत काडतुसं भरायची मॅगझिनं तपासायला बसला तेव्हा.

दर मोसमाच्या आधी तो हे करायचा. ही मॅगझिनं मुळात दहा काडतुसांची. देशाच्या कायद्याने अशा आपोआप भरणाऱ्या रायफलीला पाचहून जास्त काडतुसांचं मॅगझिन बाळगणं गुन्हा, म्हणून बाजूने रिबिट, म्हणजे धातूची खीळ, ठोकून ती पाचावर अडवलेली. वीस वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याकडून त्याने अशी तीन घेतली होती. त्यांतलं एक टेसाने नेलं होतं. या वर्षी गुडघा धरला, तपासायचं राहून गेलं, आणि आज उरलेली दोन समोर घेऊन तो पितळी डमी काडतुसं एकेक दाबत होता.

पहिल्यात पाच गेली. सहावं अडलं. दुसऱ्यात पाच गेली, आणि सहावंही गेलं. मग सातवं.

त्याने ते उजेडात धरलं. रिबिटच्या जागी नुसतं भोक होतं.

"काय झालं?" बायकोने विचारलं. इनिड ओट्याशी पाव कापत होती.

"रिबिट पडलंय. कधी पडलं देव जाणे."

"मग दे ना समुद्रात फेकून. कोण बघतंय?"

"हे फेकशील. टेसाकडच्याचं काय?"

इनिडची सुरी थांबली. टेसाला मत्स्यखात्यात निरीक्षकाची नोकरी लागली होती, सोळा दिवसांनी रुजू व्हायचं होतं. बंदुकीच्या गुन्ह्यात नाव आलं तर त्या खात्याची पायरीही चढता आली नसती.

सायलसने तीनदा फोन लावला. ती शिकारीला गेली होती त्या गूज तळ्याकडे कुठला फोन लागायला. मॅगझिन फडक्यात गुंडाळून, घरातल्या कुलपाच्या पेटीत टाकून तो गाडीत बसला.

लाकूडतोडीच्या कच्च्या रस्त्यावर अकरा मैल गेल्यावर हिरवी गाडी आडवी उभी दिसली. वन्यजीव खात्याचा अधिकारी बर्सी, शेजारचाच मुलगा. त्याच्या बापाबरोबर सायलसने कॉड मासेमारीत आयुष्य काढलं होतं.

"कुठे, सायलसकाका? गुडघा बरा झाला वाटतं."

"पोरीला डबा द्यायला."

"तिला मूस मिळण्याआधी डबा? भलतीच लाडावून ठेवलीय." बर्सी हसला. "मीपण तिकडेच निघालोय. यंदा नवीन परवानेवाल्या सगळ्यांची बंदूक, मॅगझिन, सगळं बघायचंय. या मागोमाग."

हिरवी गाडी पुढे निघाली. सायलस मागून चालवत राहिला. डबा तर त्याने आणलाच नव्हता. बर्सीच्या आधी पोचावं तर रस्ता एवढा अरुंद की गाडी पुढे काढणं शक्य नव्हतं. पोचून तरी काय करायचं होतं? पोरीच्या हातून मॅगझिन काढून झुडपात टाकायचं? आणि बर्सीने ते पाहिलं म्हणजे चूक कुठली, मग तो सरळ गुन्हाच झाला असता, तोही तिच्यादेखत.

त्याने भोंगा दाबला. दाबतच राहिला. बर्सी गाडी थांबवून मागे आला.

"काका, छातीत दुखतंय का?"

"नाही. ऐक. रायफल माझी, मॅगझिनही माझं. घरी त्याच्या जोडीचं एक आज तपासलं, त्यात सात गेली. तिच्याकडचं मी बघितलेलं नाही. तिला यातलं काही ठाऊक नाही."

बर्सीचा चेहरा निर्विकार झाला. आता तो शेजारचा मुलगा राहिला नव्हता. "हे मला का सांगताय?"

"तू मोजणारच होतास."

बर्सीने घड्याळ बघून वेळ वहीत लिहिली. मग तो गाडीत बसला.

टेसा तळ्याकाठी खडकाला टेकून बसली होती. बापाला बघून ती उठली. बर्सीने रायफल रिकामी करायला सांगितली आणि खिशातून स्वतःची डमी काढली. पाच गेली. सहावं त्याने अंगठ्याने दाबलं. क्षणभर अडलं. मग टक् असा बारीक आवाज आला आणि ते आत गेलं.

टेसाने बापाकडे बघितलं. सायलस ओल्या शेवाळावर खाली बसला.

"जप्त करावं लागेल," बर्सी म्हणाला. "रायफलसुद्धा. दोघांचे जबाब होतील, पुढचं पोलीस बघतील. काका, तुम्ही आधी सांगितलंत ते वेळेसकट लिहिलंय. बाकी माझ्या हातात नाही."

पुढचे दिवस फार वाईट गेले. दारात कुठलीही गाडी थांबली की सायलस खिडकीपासून मागे सरे. घरात सापडलेलं मॅगझिन त्याने स्वतः फोन करून पोलिसांच्या हवाली केलं. टेसाने खात्याला आपणहून पत्र लिहिलं. त्यांनी तिचं रुजू होणं पुढे ढकललं. ती बापाशी जेमतेम बोलत होती.

नोव्हेंबरच्या अखेरीस पोलीस ठाण्यातून फोन आला. दोन्ही रिबिटं झिजून तुटली असं तपासणीत ठरलं होतं, मुद्दाम काढल्याची खूण नव्हती. कोणावरही गुन्हा दाखल होणार नव्हता. मॅगझिनं परत मिळणार नव्हती, रायफल घेऊन जा म्हणाले. टेसाला जानेवारीत रुजू व्हायचं पत्र आलं.

रायफल आणायला दोघं एका गाडीतून गेली. परतीच्या वाटेवर टेसा बऱ्याच दिवसांनी बोलली.

"बाबा, तू गप्प बसला असतास तर?"

"त्याने मोजलंच असतं."

"आणि नसतं मोजलं? गप्पा मारून तसाच गेला असता तर?"

"तोही विचार केला होता," सायलस म्हणाला. "सबंध वाटभर."

"मग?"

"मग तू घरी आली असतीस आणि मला तुझ्याकडे बघता आलं नसतं."

टेसाने गाडीचा हीटर वाढवला आणि गरम हवेची झडप बापाच्या गुडघ्याकडे वळवली.