टाकीचं पातं

“यावर कुणी विश्वास ठेवणार नाही,” ऑनी पेल्कोनेनने वेलदोड्याच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवला आणि तो ठिबकत असतानाच तोंडात टाकला. “आणि ठेवायची गरजही नाही. पण त्या मोठ्या हिवाळ्यात मी ट्रॅक्टर हवेतून चालवलाय. हाच ट्रॅक्टर, आत्ता बाहेर गुरगुरतोय तो. पुढे बर्फ लोटायचं हेच पातं.”

“हवेतून,” डेल्फीन म्हणाली.

“हवेतून. खाली काही म्हणजे काही नाही. खोटं वाटत असेल तर घळीतल्या हरणांना विचार.”

सून म्हणून या घरात आल्यापासून डेल्फीन सासऱ्याच्या गोष्टी ऐकत आली होती. त्यांतला मासा दरवर्षी वीतभर वाढायचा आणि अस्वल दरवर्षी थोडं आणखी माणसाळायचं. ती हसली नाही. नखाने तिने खिडकीच्या काचेवरचं हिव खरवडलं आणि त्या भोकाला डोळा लावला. दुपार होती, पण बाहेर दुपारसारखं काही नव्हतं. पडवीसमोरचं बर्चचं झाड मधूनच दिसायचं आणि पुसलं जायचं. सरोवरावरून आलेला बर्फ वरून पडत नव्हता, आडवा धावत होता. त्याच्या आत कुठेतरी तिचा नवरा व्हर्न होता आणि त्याच्या ट्रॅक्टरचा एवढासा आवाज.

तो ट्रॅक्टर बर्फासाठी जन्मलाच नव्हता. उन्हाळ्यात अंगणातलं गवत कापायचं, एवढीच त्याची लायकी. पण सौनातली, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातली, पाणी तापवायची टाकी गळायला लागली तेव्हा व्हर्नने ती उभी कापली, अर्ध्या भागाला खालून बंद पडलेल्या खाणीतल्या पट्ट्याचं रबर ठोकलं आणि जुन्या पलंगाच्या लोखंडी पट्ट्यांवर ते धूड ट्रॅक्टरच्या तोंडाशी लटकवलं. चाकांना साखळ्या, आसनामागे वाळूच्या गोण्या. गावातले लोक गाडी थांबवून विचारायचे, “काय रे व्हर्न, बर्फ ढकलतोस की त्याला आंघोळ घालतोस?”

हसोत. रस्ता मोकळा राहायचा. फक्त एक होतं. एवढ्याशा इंजिनाला गुडघाभर बर्फ झेपत नाही, त्यामुळे तो साठायच्या आत, पडत असतानाच पुन्हापुन्हा बाहेर पडावं लागायचं. वादळ थांबायची वाट बघत बसणं मोठ्या यंत्रवाल्यांना परवडतं. सकाळपासून व्हर्न घरात कमी आणि बाहेर जास्त होता. शरद ऋतूत ऑनीच्या छातीत हृदयाचं मशीन बसवलं, तेव्हापासून त्याने रस्ता एकदाही बुजू दिला नव्हता. वेळ आली तर दवाखान्याची गाडी दारापर्यंत यायला हवी, हे तो बोलून दाखवत नसे. टोपी घालायचा आणि जायचा.

“ऐक,” ऑनी म्हणाला. “वळला बघ. येतोय परत.”

आवाज खरंच जाडा होत आला होता. डेल्फीनने कपाला हात लावला.

“तर, तेव्हा व्हर्न एवढासा होता,” ऑनीने टेबलाच्या उंचीवर तळहात धरला. “बर्फ इतका की आम्ही माळ्याच्या खिडकीतून ये-जा करायचो. धुराड्यातून कोल्हा डोकावून जायचा, आज जेवायला काय म्हणून. मी रोज रस्ता काढायचो आणि सगळा बर्फ वळणावरून खाली लोटायचो. घळीत.”

डेल्फीनने मान वर केली. त्याने नेमकं वळणच का काढलं?

रस्त्याच्या मध्यावर ते वळण होतं. एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला घळ, तिच्या तळाशी ओढा. बर्फ लोटायला दुसरीकडे जागाच नव्हती. बर्फ पडायच्या आधी व्हर्न तिथल्या कडेला लाल टोकांच्या काठ्या ठोकायचा. यंदा त्या नाताळानंतर लगेचच गडप झाल्या. लोटलेला बर्फ कडेला चिकटायचा, रात्रीतून गोठायचा. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर त्याच्यावर चढून आणखी पुढे लोटायचा. असं करत करत रस्ता रुंद होत गेला होता, निदान दिसायला तरी. तो कुठे संपतो आणि व्हर्ननेच लोटलेला बर्फ कुठे सुरू होतो, हे आता एकट्या व्हर्नला ठाऊक होतं.

“वळणावर फार पुढे जाऊ नकोस,” सकाळी ती म्हणाली होती.

“मग लोटू कुठे? तुझ्या स्वयंपाकघरात?”

“कड कुठे आहे ते माहितीय ना तुला?”

तो बुटाच्या नाड्या बांधत होता. त्या त्याने सोडल्या आणि पुन्हा बांधल्या.

आवाज पुन्हा लांब जायला लागला. साखळ्यांची खुळखुळ आधी विरली, मग नुसतं इंजिन उरलं.

“गेला वळणाकडे,” ऑनी म्हणाला. “हां, तर त्या बर्फाची घळीवर अशी फळी झाली. टेबलासारखी. मला काय कल्पना! मी आपला पाइप ओढत पुढे, आणखी पुढे. आणि खाली बघतो तर काय, हरणं. माझ्या बुडाखाली. माना वर करून बघतायत, हा कोण येडा.”

बाहेर इंजिन एकदम किंचाळलं. चाकांखालून जमीन निघून गेल्यावर किंचाळेल तसं, मोकळं. मग खोकल्यासारखं काहीतरी झालं. मग काहीच नाही.

कधीकधी ते बंद पडायचं. बर्फ आत गेला की पडायचं, मग व्हर्न चार शिव्या द्यायचा आणि ते पुन्हा सुरू व्हायचं. तिने शिव्यांना लागतो तेवढा वेळ दिला. त्याच्या दुप्पट दिला. वारा तेवढा घराच्या कोपऱ्यावर घासत होता.

सासऱ्याला सांगायचं नाही, एवढं तिने ठरवलं. त्या छातीतल्या मशीनचा भरवसा नाही. डॉक्टर म्हणाला होता, धक्का नको.

“हं,” ती म्हणाली. “मग?”

“मग काय! छान चाललं होतं,” ऑनी म्हणाला. “जसा आत्ता चाललाय हा. ऐकतेस ना?”

“ऐकतेय.”

खोटं बोलताना तिचा आवाज तिलाच परका वाटला. व्हर्नचा फोन पावाच्या डब्याशेजारी चार्जिंगला लावलेला होता. नेहमीसारखाच. ती उठली.

“कुठे निघालीस?”

“लाकडं आणते.”

“लाकडं आहेत. बस.”

“पडवीतून आणते, बाबा. दोन मिनिटं.” तिने बूट ओढले. डावा पाय उजव्या बुटात चालला होता.

“गोष्ट अर्धी टाकून उठतात का कधी?” ऑनीचा आवाज चढला. मग त्याने तो मुद्दाम खाली आणला. “खरी गंमत तर पुढेच आहे. मी पडलो. हरणं पळाली, मी खाली. वर बघावं तर पांढरं, खाली बघावं तर पांढरं. तोंडापुढे हात धरला तर तो कुणाचा कळेना. आणि तुझी सासू, हिलिया, इथे, तू उभी आहेस तिथेच. बूट घातलेले. दाराच्या कडीला हात.”

डेल्फीनचा हात कडीवर होता.

“पण तिला मी आधीच बजावलं होतं,” तो म्हणाला. “असल्या हवेत दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मला शोधायला तू आलीस तर हरवलेली माणसं दोन होतील. तू पातेलं वाजव. थांबू नकोस, हात तुटला तरी वाजव. मी आवाजाच्या रोखाने येतो. वाजवायची ती, पोरी! बीडाचं ते काळं पातेलं, तुझ्या डोक्यावर टांगलंय तेच. कसं वाजायचं माहितीय? काढ बघू. दार उघड, म्हणजे नीट कळेल. पडवीच्या खांबाला धर आणि वाजव. त्याशिवाय गोष्टीत मजा नाही.”

डेल्फीन त्याच्याकडे बघत राहिली. तो पावाचा आणखी एक तुकडा कापत होता.

तिने पातेलं काढलं. पळी घ्यायला ती डब्यापाशी गेली आणि तिथे, व्हर्नच्या फोनच्या पलीकडे, बशीत तिला ती दोन्ही मशीनं दिसली. ऑनीच्या कानातली. सेलची झाकणं उघडी. रात्री काढून ठेवली होती तशीच.

वळला बघ. गेला वळणाकडे. हे सगळं त्याने अगदी बरोबर सांगितलं होतं. सकाळपासून त्याला वाऱ्याचासुद्धा आवाज आला नसणार. आता तिच्या लक्षात आलं की इतक्या वेळात त्याने खिडकीकडे एकदाही बघितलं नव्हतं. तो सबंध वेळ तिच्याकडे तोंड करून, तिचा चेहरा वाचत बसला होता.

“वाजव,” ऑनी हळू म्हणाला.

तिने दार उघडलं. वारा आत घुसला आणि टेबलावरचा कागदी रुमाल उडाला. पडवीच्या खांबाला एका हाताने मिठी मारून तिने पातेल्यावर पळी हाणली. तो आवाज तिच्या दातांत घुमला, पण पडवीच्या पायरीवरच बर्फाने तो गिळल्यासारखा वाटला. तिने पुन्हा हाणली. पुन्हा. पापण्या चिकटायला लागल्या. मागे ऑनी मोठमोठ्याने सांगत होता, कुणी ऐकत नसताना, की घळीत पडल्या पडल्या त्याला एका म्हाताऱ्या हरणीने पाइप शोधून दिला, आणि तंबाखू ओली झाल्याबद्दल माफीसुद्धा मागितली.

हात तिचा राहिला नाही. पळीची मूठ वाकली. मध्येच तिला वाटलं आपण ओरडतोय, पण तोंडातून आवाज निघत नव्हता. ट्रॅक्टर उलटला की माणूस कुठे सापडतो, हे तिला ठाऊक होतं. शेजारच्या कोइव्हिस्तोंचा थोरला मुलगा वसंत ऋतूत ट्रॅक्टरखाली सापडला होता, आणि ते शेत सपाट होतं.

ठण्‌.

तिने पळी थांबवली.

वारा. नुसता वारा. आणि मग पुन्हा, खूप खालून: ठण्‌. पोकळ, बादलीसारखा, काठाशी थोडा फुटका. बर्चचा आवाज असा नसतो, बर्फाचाही नसतो. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत सौनात बाकावरून उठताना तिचं कोपर आपटायचं, तेव्हा ती टाकी अशीच वाजायची.

ठण्‌, ठण्‌.

डेल्फीन इतक्या जोराने पातेलं बडवायला लागली की खांबावरचा बर्फ तिच्या मानेत पडला. तिने वळून आत बघितलं. ऑनी बोलता बोलता थांबला होता. त्याने तिच्या तोंडाकडे बघून घेतलं, किटली उचलली आणि तिसऱ्या कपात कॉफी ओतली. थोडी बशीत सांडली. मग तो घसा साफ करून पुढे सांगायला लागला.

त्या टाकीचा आवाज मध्येच थांबला. तिने वाजवायचं थांबवलं नाही. कितीतरी वेळाने पांढऱ्यात एक जागा थोडी करडी झाली. ती कधी डावीकडे भरकटायची, पातेलं वाजलं की उजवीकडे यायची. मग तिला टोपी आली. मग खांदे आले, एक खाली झुकलेला.

व्हर्नने पायरीवर गुडघा टेकला आणि तिचा हात धरला. एका हातातला मोजा गेला होता, त्या हातात पाना होता आणि तो त्याला सोडता येत नव्हता. गाल खरचटलेला, भुवया पांढऱ्या. ती त्याला चाचपत राहिली, जसं काही मोजून घ्यायचं होतं.

“ट्रॅक्टर ओढ्यात आहे,” तो म्हणाला. “मी उडी मारली, काठावर पडलो. तो एकटाच गेला.”

“गेला तर गेला.”

“वसंतात काढू.”

“गप्प. आत चल.”

उंबऱ्यावर तो दाराच्या चौकटीला टेकला. आत ऑनीची पाठ दाराकडे होती. समोरच्या रिकाम्या खुर्चीला उद्देशून तो हात हलवत होता.

“...तेवढ्यात पातं निखळलं! म्हटलं देवानेच पाठवलं. मी त्यात बसलो, टाकीच ती, बसायला ऐसपैस, आणि काय सांगू पोरी, घसरत घसरत वर आलो. खाली नाही, वर! थेट या दारात. हिलियाने बघितलं आणि म्हणाली—”

“खोटं,” व्हर्न म्हणाला.

“—म्हणाली, आधी पाय पूस.”

“खोटं आहे, बाबा.”

“मी पाय पुसले,” ऑनी सांगत होता. “पण ती काही माझ्याशी बोलेना. नुसती उभी. मग मी म्हटलं, अगं—” इथे त्याचा आवाज चिरला, आणि तो पुन्हा पहिल्यापासून म्हणाला, “मग मी म्हटलं—”

डेल्फीनने पातेलं खाली ठेवलं. ती सासऱ्याजवळ गेली आणि खांद्यांना धरून तिने त्याला दाराकडे वळवलं.

व्हर्नने छाती भरून श्वास घेतला. ओठ बधिर झालेले असताना जमेल तेवढ्या जोराने, बापाला ऐकू जाईल असा, तो ओरडला:

“थापा मारतोस, म्हाताऱ्या! मोठ्या हिवाळ्यात ती टाकी सौनात होती! आई मला तिच्या पाण्याने आंघोळ घालायची!”